जुनी हायब्रिड घेतली: आधी कोणतं ऑइल, कोणता कूलंट, आणि काय थांबू शकतं

जुनी हायब्रिड घेताना सगळं लक्ष मोठ्या बॅटरीवर असतं. ती ठीक निघाली की माणूस निर्धास्त होतो आणि गाडी साध्या पेट्रोल गाडीसारखी सर्व्हिसिंगला टाकतो. इंजिन ऑइल बदललं, एअर फिल्टर झटकला, झालं. पण हायब्रिडमध्ये दोन-तीन द्रव असे असतात जे साध्या गाडीत नसतातच, त्यामुळे मेकॅनिकच्या नेहमीच्या यादीत ते येत नाहीत. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत इन्व्हर्टरचा (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणाऱ्या पेटीचा) कूलंट आणि ट्रान्सअ‍ॅक्सलचं ऑइल (गिअर आणि मोटरी एकत्र बसवलेल्या भागातलं) कारखान्यात भरलेलंच निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

सगळं एका दमात बदलता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर क्रम लावताना दोन गोष्टी बघा: तो द्रव कमी पडला किंवा खराब झाला तर नुकसान किती लवकर होतं, आणि ज्या भागाचं होतं तो किती महाग आहे. या हिशेबाने प्रायस, कॅमरी हायब्रिड, कोरोला हायब्रिड अशा टोयोटा पद्धतीच्या गाड्यांत पहिलं काम पातळ्या आणि गळती तपासण्याचं. त्यानंतर इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड, इन्व्हर्टरचा कूलंट, त्याच्या जोडीने इंजिनचा कूलंट आणि शेवटी ट्रान्सअ‍ॅक्सल. ऑनलाइन चर्चेत ट्रान्सअ‍ॅक्सलच्या ऑइलवर सगळ्यात जास्त शाई खर्च होते, पण घाई त्याचीच सगळ्यात कमी असते.

हा क्रम गिअरबॉक्सवर अवलंबून आहे. ह्युंदाई आयोनिक हायब्रिड किंवा किया निरोमध्ये ६ गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे; त्याचे क्लच कोरडे असतात, त्यांची झीज ऑइलमध्ये येत नाही. होंडाच्या जुन्या सिव्हिक हायब्रिड आणि इनसाइटमध्ये पट्ट्याचा सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स आहे. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये (जिथे छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते) तर गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो. सीव्हीटीच्या आणि साध्या ऑटोमॅटिकच्या गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल शेवटून उचलून थेट दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर आणा, कारण तिथे क्लच किंवा पट्टा घासतो आणि ती झीज ऑइलमध्येच उतरते. होंडाच्या जुन्या सीव्हीटीत जागेवरून निघताना गाडी थरथरत असेल, तर स्टार्ट क्लचला दोष देण्याआधी कंपनीने सांगितलेलं सीव्हीटी फ्लुइड बदलून बघायचं असतं. बऱ्याचदा थरथर तेवढ्यानेच कमी होते.

बाटली विकत घेण्याआधी

गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी, चालू करण्याआधी, बॉनेट उघडा. कूलंटच्या दोन टाक्या शोधायच्या आहेत. एक रेडिएटरच्या आसपास, इंजिनची. दुसरी लहान असते आणि इन्व्हर्टरजवळ, म्हणजे ज्या चंदेरी पेटीत जाड नारिंगी वायरी जातात तिच्या शेजारी किंवा तिच्यावरच. दोन्ही टाक्यांवर पातळीच्या जागी चिकटपट्टी लावा, फोटो काढून ठेवा, आणि आठवड्याने पुन्हा सकाळीच, थंड गाडीत बघा. गरम गाडीत कूलंट फुगतो, तेव्हाच्या पातळीवरून काही ठरवता येत नाही.

इन्व्हर्टरच्या टाकीतली पातळी हलता कामा नये. हा मार्ग इंजिनच्या मार्गापेक्षा कितीतरी थंड चालतो, त्यामुळे कूलंट वाफ होऊन उडून गेला असं होत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठेतरी गळतोय: पंपाचं सील, होजचा जोड, किंवा रेडिएटरचा इन्व्हर्टरकडचा भाग. पंपाच्या अंगावर गुलाबी पांढरट खपली दिसली तर शोध तिथेच संपतो.

इंजिनच्या टाकीची गोष्ट वेगळी. पातळी हळूहळू उतरतेय आणि खाली एक थेंबही सांडत नाही, असं असेल तर कूलंट बदलायच्या फंदात पडू नका. २०१० ते २०१५ च्या तिसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये हे चित्र वारंवार दिसतं. या इंजिनात ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा काही वायू थंड करून इंजिनात परत पाठवणारा भाग) काजळीने चोंदतो, थंड केलेला एक्झॉस्ट वायू सिलिंडरला मिळत नाही किंवा सगळ्यांना सारखा मिळत नाही, ज्वलन जास्त गरम होतं आणि पुढे हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जातं. रात्रभर थोडा कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतो आणि सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद खडखड करत जोरात हलतं. खात्री करायची तर संध्याकाळी कूलिंग सिस्टिमला हातपंपाने दाब देऊन ठेवा, सकाळी स्पार्क प्लग काढून बोरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) पिस्टनची माथी बघा. एखादं माथं ओलं असेल किंवा बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखं स्वच्छ असेल तर निदान झालं. टाकीच्या तोंडाशी निळा द्रव धरून करायची रासायनिक चाचणीही चालते, पण गळती लहान असेल तर ती चुकवते. या परिस्थितीत नवा कूलंट भरणं म्हणजे पैसे सायलेन्सरमधून सोडणं. आधी गॅस्केट आणि ईजीआर कूलर, मग कूलंट.

आता इन्व्हर्टरचा पंप. टाकीचं झाकण काढा आणि गाडी 'ऑन' करा (नुसती वीज चालू, गाडी निघायला तयार नाही). दुसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये, म्हणजे २००४ ते २००९, एवढ्याने पंप चालू होतो. इतर काही गाड्यांत 'रेडी'पर्यंत (गाडी निघायला तयार) जावं लागतं, आणि तेव्हा इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं हे लक्षात ठेवून हात आणि बाह्या पट्ट्यापासून दूर ठेवा. टाकीतला कूलंट ढवळल्यासारखा फिरताना दिसला पाहिजे. पृष्ठभाग शांत असेल तर पंप मेलेला आहे किंवा आत हवा अडकली आहे. टोयोटाने २०१२ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रायसच्या याच पंपासाठी रिकॉल काढला होता, म्हणून चासी नंबर टाकून ते काम झालंय का बघून घ्या. पंप बंद असताना गाडी थोडा वेळ चालते, मग इन्व्हर्टर तापून शक्ती कमी करतो, आणि पी०ए९३ हा बिघाडाचा कोड येतो. बंद पंपावर नवा कूलंट घालून काही साधत नाही.

इंजिन ऑइल: वाद नको, बदला

आधीच्या मालकाकडे पावती असली तरी पहिल्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलून टाका. हायब्रिडचं इंजिन निम्मा वेळ बंद असतं हे खरं, पण त्याचा अर्थ ऑइल दुप्पट टिकतं असा होत नाही. उलट शहरात इंजिन दोन मिनिटं चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. ऑइल पुरेसं तापतच नाही, त्यामुळे त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. फिलरच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो तो यामुळेच. थंड हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थोडा फेस चालतो. मात्र डिपस्टिकवरही तोच फेस असेल तर वर सांगितलेला हेड गॅस्केटचा तपास करा.

बहुतेक हायब्रिडना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ या पातळ ग्रेडचं सिंथेटिक लागतं. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच. "जुनी गाडी आहे, जाड ऑइल घालू" हा सल्ला हायब्रिडला मानवत नाही, कारण इंजिन दिवसातून शेकडो वेळा सुरू होतं आणि दर वेळी ऑइल झटकन वर पोचावं लागतं. मुदत ८,००० किलोमीटर किंवा ६ महिने धरली तर छोट्या फेऱ्यांची गाडीही सुरक्षित राहते. लांब पल्ल्याला धावणारी गाडी १५-१६ हजार किंवा वर्षभर काढू शकते.

दुसऱ्या पिढीच्या प्रायसला फिल्टरसह साधारण ३.७ लिटर ऑइल लागतं, तिसऱ्या पिढीला ४.२ लिटर. ४ लिटरचा डबा आणला म्हणून तो अख्खा रिकामा करू नका; दुसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये ऑइल जास्त भरलेलं असणं ही अगदी नेहमीची चूक आहे. आधी ३.४ लिटर घाला, इंजिन चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग डिपस्टिक बघत बघत पुरं करा. ऑइल काढताना गाडी नुसती शांत उभी आहे यावर विसंबू नका. 'रेडी' लागलेली गाडी आवाज न करता उभी असते आणि बॅटरी उतरली की इंजिन स्वतःहून चालू होतं, खाली प्लग उघडा असला तरी. गाडी पूर्ण बंद करा आणि चावी खिशात न ठेवता लांब ठेवा.

नव्या मालकाने पहिले काही हजार किलोमीटर दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघावी. तिसऱ्या पिढीच्या सुरुवातीच्या काही प्रायस पिस्टन रिंगांमुळे ऑइल खातात, आणि डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा दाबाचा असतो, पातळीचा नसतो. तो लागेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो.

ब्रेक फ्लुइड: स्वस्त द्रव, महाग पेटी

हायब्रिडमध्ये ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते. त्यामुळे पॅड बदलायची वेळ येत नाही, गाडी ब्रेकच्या कामासाठी वर चढत नाही, आणि फ्लुइड वर्षानुवर्षं तसंच राहतं. हे फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की मानकाप्रमाणे १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५.

एरवी हायब्रिडचे ब्रेक फारसे तापत नाहीत, म्हणून लोक हे आकडे हसण्यावारी नेतात. पण लांब घाट उतरताना मधेच बॅटरी भरते. मग मोटर ऊर्जा परत घेऊ शकत नाही आणि एकदम सगळा भार डिस्कवर येतो. जुनं फ्लुइड नेमकं तेव्हाच दगा देतं.

तरी उकळण्यापेक्षा मोठी भीती गंजाची आहे. टोयोटा हायब्रिडमध्ये ब्रेक पेडल नेहमीच्या वेळी कॅलिपरला थेट दाबत नाही. विजेचा पंप एका अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब साठवतो आणि अ‍ॅक्च्युएटरमधले बारीक व्हॉल्व्ह तो चाकांना वाटून देतात. पाणी मुरलेलं फ्लुइड हे व्हॉल्व्ह आणि सील खराब करतं, आणि ही पेटी बदलणं फार महाग पडतं. दरवाजा उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूने पंपाची घुरघुर ऐकू येणं सामान्य आहे. मात्र पेडलला हात न लावता, गाडी उभी असताना, ती दर काही सेकंदांनी परत परत येत असेल तर दाब आत कुठेतरी निसटतोय. अशा गाडीचं फ्लुइड बदलण्याआधी ब्रेकचे कोड वाचून घ्या.

मुदत: २ ते ३ वर्षं, किलोमीटर कितीही होवोत. नोंद नसेल तर लगेच.

हे काम घरी करणाऱ्यांनी इथे जपून पाऊल टाकावं. "एकाने पेडल मारा, दुसऱ्याने निपल सोडा" ही जुनी पद्धत अनेक टोयोटा हायब्रिडच्या मागच्या चाकांना लागू पडत नाही. तिथली लाइन पंपाच्या दाबावर साफ होते, आणि त्यासाठी गाडी ठरावीक स्थितीत न्यावी लागते. कंपनीचं टेकस्ट्रीम किंवा त्या तोडीचं स्कॅन टूल चालवणारा माणूस गाठणं सगळ्यात सोपं. त्याला तीन गोष्टी सांगा: सीलबंद नवा डबा वापरा, झाकणावर लिहिलेलाच प्रकार भरा, आणि टाकी एकदाही तळाला जाऊ देऊ नका. टाकी कोरडी पडली तर पंप हवा ओढतो, ती अ‍ॅक्च्युएटरमध्ये बसते आणि अर्ध्या तासाचं काम दिवसभर पुरतं. डॉट ५ हा सिलिकोनचा वेगळाच प्रकार आहे, तो डॉट ४ ची पुढची आवृत्ती समजून कुणी घालू नये.

टाकीतून सिरिंजने जुनं फ्लुइड ओढून नवं भरायचं, असा एक सोपा उपाय सांगितला जातो. त्याने वरचं फ्लुइड ताजं दिसतं. कॅलिपरमधलं, जिथे पाणी जास्त त्रास देतं, तिथलं तसंच राहतं. म्हणून तो बदल धरू नका.

चाकं उतरलीच आहेत तर कॅलिपरच्या स्लाइड पिना काढून साफ करा आणि रबराला चालणारं सिलिकोन ग्रीस लावा. कमी वापरामुळे हायब्रिडमध्ये त्या हमखास जाम होतात. पॅड काढलेले असताना किंवा पिस्टन मागे दाबण्याआधी १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. नाहीतर कुणी दार उघडलं की पंप जागा होतो आणि सिस्टिम दाब भरते.

इन्व्हर्टरचा कूलंट

हा मार्ग इन्व्हर्टरमधून आणि ट्रान्सअ‍ॅक्सलच्या आवरणातून फिरतो, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टर आणि मोटरी दोन्ही त्याच्यावर जगतात. टोयोटाच्या अमेरिकी वेळापत्रकात तो पहिल्यांदा २,४०,००० किलोमीटरला आणि पुढे दर ८०,००० ला बदलायचा असतो. इंजिनचा पहिल्यांदा १,६०,००० ला, पुढे तसाच ८०,००० ला. गाडी १० वर्षांच्या पुढे असेल आणि नोंद नसेल, तर आकड्याची वाट बघण्यात अर्थ नाही. काम २-३ लिटर कूलंटचं आहे आणि घरी जमण्यासारखं आहे.

कूलंट रंगावरून निवडू नका, रंग कुणीही काहीही घालतो. टोयोटाचा गुलाबी सुपर लाँग लाइफ हा सेंद्रिय आम्ल आणि फॉस्फेटचा, सिलिकेट आणि बोरेट नसलेला कूलंट आहे. डब्यावर हेच वर्णन हवं. तो तयार मिश्रण म्हणून येतो, त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्संट्रेट घेतलाच तर डीआयोनाइज्ड पाण्यात अर्धा-अर्धा. नळाच्या पाण्यातले क्षार इन्व्हर्टरच्या बारीक वाटांमध्ये साचतात आणि अ‍ॅल्युमिनियम खातात.

१. गाडी पूर्ण थंड, बंद, चावी लांब. पुढून उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जाऊ नका. खालचं प्लास्टिक कव्हर काढा.

२. प्लग ओळखा. इथेच लोक फसतात. दुसऱ्या पिढीच्या प्रायसच्या ट्रान्सअ‍ॅक्सलवर ऑइलचा ड्रेन प्लग वेगळा आणि कूलंटचा वेगळा असतो, दोन्ही जवळजवळ. बाजूला इंजिन ऑइलचा प्लगही आहेच. मॅन्युअलमधलं चित्र फोनवर उघडं ठेवा. चुकून ट्रान्सअ‍ॅक्सलचं लालसर ऑइल यायला लागलं तर प्लग परत लावा, आणि किती गेलं ते मोजून तेवढं भरल्याशिवाय गाडी हलवू नका.

३. इन्व्हर्टरच्या टाकीचं झाकण काढा, कूलंटचा प्लग सोडा, सगळा एका स्वच्छ भांड्यात घ्या. तो ओतून देऊ नका, आधी मोजा.

४. नवं वॉशर घालून प्लग बसवा. आवरण अ‍ॅल्युमिनियमचं आहे, टॉर्क रेंच वापरा.

५. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरा. ब्लीडर (हवा काढायची स्क्रू) असेल तर तिच्यावर पारदर्शक नळी लावून दुसरं टोक टाकीत सोडा. गाडी 'ऑन' करा, पंप चालू द्या. सुरुवातीला गुडगुड येते, पातळी झपकन खाली जाते, भरत राहा. पंपाला कोरडा फिरू देऊ नका, पातळी तळाशी गेली की लगेच गाडी बंद करा, भरा, पुन्हा चालू करा.

६. नळीतून बुडबुडे थांबले आणि टाकीतला कूलंट एकसंध फिरायला लागला की ब्लीडर बंद. आता हिशेब करा: २.२ लिटर निघाला आणि १.६ च आत गेला, तर ६०० मिलिलिटर हवा आत आहे. टाकी भरलेली दिसली तरी काम झालेलं नाही.

७. एक छोटी फेरी, रात्रभर थंड, सकाळी पातळी. थोडी उतरलेली असणारच.

ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) असेल तर फेरीत इन्व्हर्टरचं तापमान बघा. ते सारखं चढतच राहिलं किंवा आकडा एकदम उड्या मारू लागला, तर हवा राहिली आहे. पाचव्या पायरीपासून पुन्हा.

निघालेला कूलंट गोड चवीचा आणि विषारी असतो, मुलं आणि प्राण्यांच्या वाटेत उघडा ठेवू नका.

इंजिनचा कूलंट त्याच दिवशी बदला, द्रव तोच आहे आणि कव्हर उघडलेलंच आहे. तत्त्व तेच, फक्त इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हवा पूर्ण निघत नाही, म्हणून गाडी मेंटेनन्स मोडमध्ये (ज्यात इंजिन आपोआप बंद होत नाही) ठेवून इंजिन सलग चालवावं लागतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. अमेरिकेत विकलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये गरम कूलंट साठवणारी थर्मास टाकी आहे. ती तीन दिवसांपर्यंत कूलंट गरम ठेवते, त्यामुळे गाडी रात्रभर उभी असली तरी तिच्यातून निघणारा कूलंट हात भाजू शकतो.

ट्रान्सअ‍ॅक्सलचं ऑइल

टोयोटाच्या ई-सीव्हीटीत पट्टा नाही, क्लच नाहीत, टॉर्क कन्व्हर्टर नाही. गिअर कायम गुंतलेले असतात. म्हणूनच हे ऑइल साध्या ऑटोमॅटिकइतकं झिजत नाही आणि कंपनी सामान्य वापरासाठी ते बदलायची मुदतच देत नाही. बदलायचं कारण वेगळं आहे. याच ऑइलमध्ये मोटरींची वायंडिंग न्हातात. नव्या गिअरांची पहिली झीज कारखान्यातल्या ऑइलमध्ये उतरते, आणि ती धातूची पूड वर्षानुवर्षं बेअरिंग आणि वायंडिंगवरून फिरत राहते. एकदा बदललं की त्यातली बरीच बाहेर जाते. त्यानंतर दर लाख किलोमीटरला बदला. त्याहून लवकर बदलून काही मिळत नाही.

टोयोटाला एटीएफ डब्ल्यूएस, दुसऱ्या पिढीच्या प्रायसला ३.८ लिटर, तिसऱ्या पिढीला साधारण ३.४. होंडाच्या २०१४ पासूनच्या दोन मोटरच्या अकॉर्ड हायब्रिडला एटीएफ डीडब्ल्यू-१. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेलं ऑइल इथे नको. त्याला गिअरच नाही तर मोटरचं इन्सुलेशनही सांभाळायचं आहे.

सगळ्यात आधी वरचा फिलर प्लग सोडा. तो अडकला असेल तर हे ड्रेन उघडण्याआधी कळायला हवं. नाहीतर ऑइल खाली आणि भरायला वाट नाही. गाडी चारही बाजूंनी सपाट असली पाहिजे. पुढून वर उचललेल्या गाडीत भरलं तर पातळी चुकते, कारण पातळी मोजायची पट्टी नाही, फिलरच्या भोकाची खालची कड हीच पट्टी. ड्रेन झाल्यावर नवं वॉशर घालून प्लग लावा, हातपंपाने किंवा वरून लांब नळी सोडून सावकाश भरा, कडेवरून बारीक धार आली की थांबा, धार थांबली की प्लग. पहिल्यांदा निघालेलं ऑइल काळपट करडं असतं, त्याने घाबरू नका. वास जळका असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा बोटाला धातूचे कण टोचत असतील तर मात्र थांबून तपास करा. दुधाळपणा म्हणजे कूलंट ऑइलमध्ये शिरलाय.

मशीनने फ्लश करायची गरज नाही. टॉर्क कन्व्हर्टर नसल्यामुळे साध्या ड्रेनमध्ये जवळपास सगळं ऑइल निघतं.

हमखास विसरले जाणारे

चारही चाकांना ताकद देणाऱ्या टोयोटा हायब्रिडमध्ये, जसं आरएव्ही४ आणि हायलँडर, मागच्या अ‍ॅक्सलवर वेगळी मोटर असते आणि तिचं ऑइल वेगळं. पुढचं बदललं की मागचंही बदला, पद्धत तीच.

आयोनिक आणि निरोमध्ये इंजिन क्लचच्या अ‍ॅक्च्युएटरला स्वतःची छोटी टाकी असते, आत ब्रेक फ्लुइड. मेकॅनिकने ब्रेक फ्लुइड बदललं म्हणजे हे बदललं असं नाही, वेगळं सांगावं लागतं. या अ‍ॅक्च्युएटरसाठी सुरुवातीच्या गाड्यांचा रिकॉल झाला आहे, तोही तपासा.

प्लग-इन हायब्रिडमध्ये (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) पेट्रोल स्वतःच शिळं होतं. महिनोन्‌महिने विजेवर चालणाऱ्या गाडीची टाकी भरून ठेवू नका. थोडं पेट्रोल घाला आणि ते संपवत राहा. काही प्लग-इनमध्ये बॅटरीलाही वेगळा कूलंट असतो. त्याची पातळी उतरली तर वरून भरून मोकळं होऊ नका, गळती बॅटरीच्या आत असू शकते. ते काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण असलेल्या माणसाचं.

आणि एसी. पूर्ण हायब्रिडचा कॉम्प्रेसर बहुधा पट्ट्यावर चालत नाही, हाय व्होल्टेजवर चालतो, आणि त्याची मोटर रेफ्रिजरंटबरोबर फिरणाऱ्या ऑइलमध्येच बसलेली असते. म्हणून त्यात वीज न वाहणारं पीओई ऑइल लागतं, टोयोटाच्या गाड्यांत एनडी-११. साध्या गाड्यांचं पीएजी ऑइल थोडंसं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन घसरतं, गाडी पी०एए६ कोड दाखवते आणि पुढे 'रेडी'लाच नकार देऊ शकते. मग कॉम्प्रेसरसह बरीच सिस्टिम बदलावी लागते. हे ऑइल बाटलीतूनच येतं असं नाही. पीएजीमध्ये मिसळलेला गळती शोधायचा रंग, किंवा आधीच्या गाडीचं ऑइल आत राहिलेली चार्जिंग नळी, एवढ्यानेही काम बिघडतं. गॅस भरायला जाल तेव्हा नळ्या जोडण्याआधी विचारा: हायब्रिडसाठी वेगळ्या नळ्या आहेत का, की मशीन आधी फ्लश करून घेणार? उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडी तशीच मागे घ्या.